पहिल्याच दिवशी सावजी?
एका प्रवासाच्या लेखात नागपूरले आलेल्या बॅकपॅकरला स्टेशनवरून थेट सावजी, म्हणजे आमचं झणझणीत मसाल्याचं जेवण, खायला पाठवलं, अरे बाप्पा, जरा दम खाऊ द्या ना त्याले! आधी सकाळी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ठेल्यावरचे तर्री पोहे. पोह्यावर काळ्या चण्याची लालभडक तर्री, वरून कच्चा कांदा, प्लेटच्या कडेला तेल जमून राहते, नाक वाहून राहिलं तरी माणूस 'भाऊ, थोडी तर्री अजून' म्हणतेच. मग इतवारीच्या जुन्या बाजारात पायीच फिरा पण बॅग रूमवर टाकून, मी एकदा मोठी सॅक घेऊन गल्लीत घुसलो तर मिरच्यांच्या पोत्यालाच अडकलो, शिंकून शिंकून बेजार. अन् मे महिन्यात ताजी संत्री शोधत फिरू नका राजेहो, आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास येतात, उन्हाळ्यात संत्रा बर्फीवरच भागवा.