ढग फाटेपर्यंत

हाँगकाँगच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात हार्बरकडची खोली मिळाली नाही तर पैसे वाया, असं एका लेखात वाचलं. मला नाही पटलं. हे हॉटेल ४८४ मीटर उंच आयसीसी (इंटरनॅशनल कॉमर्स सेंटर) इमारतीत अगदी वर, १०२ ते ११८ मजल्यांवर आहे. मार्च-एप्रिलमध्ये तिथली हवा दमट, धुकट असते. मग कुठल्याही बाजूची खोली घ्या, काचेबाहेर बऱ्याचदा नुसतं पांढरं.

आईच्या साठीनिमित्त आम्ही एप्रिलमध्ये दोन रात्री राहिलो. पहिल्या सकाळी ती चहाचा कप घेऊन काचेला इतकी चिकटून उभी होती की तिच्या श्वासाने काच धूसर व्हायची, आणि ती पदराने पुसायची. साडेदहाला ढग फाटला. खाली हार्बर ओलांडणाऱ्या स्टार फेरीची बोट, तांदळाच्या दाण्याएवढी. "अगं, चालतेय बघ ती!" आई ओरडलीच. दुपारी आम्ही त्याच फेरीत बसलो, आणि ती मान वर करून आपली खिडकी शोधत राहिली.

हार्बरकाठच्या इमारतींवरचा रात्री आठचा दिव्यांचा खेळ मात्र खाली, किनाऱ्यावरच्या चिम शा चुई भागाच्या धक्क्यावरूनच बघा. आईवडिलांना नेणार असाल तर एक रात्र नको, दोन ठेवा.