आईवडिलांचं कोण किती करतं, मोजायचंच तर नीट मोजा

आईवडिलांचं कोण किती करतं याचा हिशोब काढू नये म्हणतात. अहो पण काढतात की सगळेच, आणि काढतात तो फक्त पैशाचा. मी दर महिन्याला पाठवतो, ऑपरेशनचं बिल मी भरलं, मेडिक्लेमचा हप्ता माझ्याकडून जातो. पैसे लागतातच, नाही कोण म्हणतंय, पण रात्री उठणारं माणूस त्या हिशोबात कुठेच नसतं.

सरकारचं माप पण तेच. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा बघा, ट्रिब्युनलकडे अर्ज करायचा, मुलांकडून निर्वाहभत्ता मिळतो, महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये ठरवलं की आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून आईवडिलांच्या खात्यात टाकायचा. आसामने तर २०१७ लाच सरकारी नोकरांसाठी तसा कायदा केला, तिथे १० टक्के. चांगलंच आहे, म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्याच्या खिशाला हात लागलाच पाहिजे. पण पगार कापला म्हणून डायपर बदलायला कोण येणार?

आणि गंमत म्हणजे २००७ च्या कायद्यात जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांची. सून नाहीच त्यात! २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात सून-जावई घातले होते, ते काही पास झालं नाही. म्हणजे कागदावर ती काही देणं लागत नाही आणि घरात सगळं तिच्याच गळ्यात.

आमच्या काकू पॅरालिसिस झाल्यापासून अंथरुणावर आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. वहिनी मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून उशीखाली घेते, का तर पोरांची झोप मोडायला नको. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, खालची चादर ओढून वळवायचं, पाठीला उशी, गुडघ्यांमध्ये एक छोटी उशी, डायपर ओला आहे का बघायचं, आणि हे सगळं होईपर्यंत तिची स्वतःची झोप उडालेली असते. दादा पण उचलायला येतो, खोटं का बोलू, पण सकाळी सातची शिफ्ट असली की नाही उठवत ती त्याला. परदेशातला धाकटा रविवारी व्हिडिओ कॉल करतो, आई जेवलीस का विचारतो, आणि फोन ठेवताना वहिनीला सांगतो, औषधं वेळेवर देत जा हां. नातेवाईकांत नाव त्याचंच, पैशाला कधी कमी पडू देत नाही म्हणून.

डॉक्टर लोक काट्झ इंडेक्स म्हणून एक वापरतात. आंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठबस, लघवी-संडासवर ताबा, जेवण, या सहा गोष्टींत पेशंटला किती मदत लागते ते बघतात. माझं म्हणणं, तोच कागद उलटा वापरा ना. प्रत्येक कामापुढे या आठवड्यात ते कुणी केलं त्याचं नाव लिहा. बऱ्याच घरांत कर्त्या मुलांच्या नावावर भोपळा येईल.

लांब राहणाऱ्यांना काहीच करता येत नाही असं पण नाही. नर्सिंग ब्युरोतून रात्री सांभाळायला बाई लावून द्या, पैसे त्यात घाला. सुट्टीला आलात की पाहुणे म्हणून बसू नका, वहिनीला माहेरी पाठवा आणि रात्री तुम्ही काढा. वाटणीच्या वेळी समान हिस्सा बरोबर आठवतो सगळ्यांना, तो द्याच, पण या सहा कामांचे पण हिस्से करा की मग.

हेच सगळं आमच्या फॅमिली ग्रुपवर पण टाकलंय. अजून कुणी बोललं नाहीये, एका आत्याने फक्त हात जोडलेले पाठवलेत.