खुलासा : लाल चपटे किडे आणि दुप्पट औषध

कोल्हापुरात मासे पाळणाऱ्यांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतोय : खाऱ्या पाण्याच्या टाकीत लाल चपटे किडे झाले की जंताचं औषध दुप्पट ओता, रात्रीत साफ. कळकळीची विनंती, असं करू नका. किडे मरतात हे खरं, पण मरताना अंगातलं विष पाण्यात सुटतं. शेकडो एकदम मेले तर मासेही जातात.

माझ्या टाकीत काचेवर गंजासारखे ठिपके दिसले. भिंगातून पाहिलं तर प्रत्येकाची शेपटी दुभंगलेली, म्हणजे हेच ते किडे. आधी तीन दिवस बारीक नळीनं जमतील तेवढे ओढून काढले. औषध त्यानंतर, तेही मापात. किडे मरून गळून पडू लागताच ॲक्टिव्हेटेड कार्बन (विष शोषून घेणारा कोळसा) टाकला, भरपूर पाणी बदललं. आपल्याकडून समुद्र घाटाखाली, त्याचं पाणी ऐनवेळी मिळत नाही, म्हणून बदलायचं पाणी आरओच्या पाण्यात समुद्री मीठ घालून औषधाच्या आदल्या दिवशीच कालवून ठेवा.