जाहिरातीला पैसे आहेत, पडताळणीला नाहीत

कोवळ्या वयातल्या बाळंतपणांचा विषय निघाला की आपल्याकडे पहिली सूचना ठरलेली: "जनजागृती करा." मग प्रभातफेरी, भिंतीवर घोषणा, बॅनर, आणि बॅनरवर साहेबांचा फोटो मुलीपेक्षा मोठा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाची सरासरी ६.८. म्हणे पुढारलेलं राज्य! २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या परभणीत ४८ टक्के, बीडमध्ये जवळपास ४४.

म्हणजे मोजणी होते. पण हा आकडा नेमका कशाने खाली येतो, ते तपासायला खिशात हात कोण घालतं? 'बेटी बचाओ बेटी पढाओ'चंच बघा. २०१६ ते २०१९ या काळात दिलेल्या सुमारे ४४७ कोटींपैकी जवळपास ७९ टक्के पैसा प्रसिद्धीवर गेला. हे मी नाही, संसदेच्या समितीने म्हटलंय. समितीच्या अध्यक्ष होत्या आपल्याच नंदुरबारच्या तेव्हाच्या खासदार हिना गावित.

अमेरिकेने २०१० मध्ये किशोरवयीन गर्भधारणा रोखण्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम काढला, वर्षाला साधारण दहा कोटी डॉलरचा. मोठा हिस्सा आधी गुण आलेले उपक्रम नव्या ठिकाणी राबवायला, उरलेला नव्या कल्पना पारखायला. पहिल्या फेरीत बऱ्याच उपक्रमांनी काहीच फरक पडला नाही असं निघालं. ट्रम्प प्रशासनाने २०१७ मध्ये तेच कारण पुढे करून ८१ अनुदानं मुदतीआधी बंद करायला घेतली, आणि २०१८ मध्ये कोर्टांनी ते बेकायदा ठरवलं. मला तर तो युक्तिवादच उफराटा वाटतो. काय चालत नाही हे कळावं म्हणूनच तर पैसे दिले होते! आपल्याकडे योजना फसल्याचं सरकारी कागदावर कधी वाचलंय का?

आणि इथे असं काम होत नाही असंही नाही. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदच्या दशकाअखेरीस गावातल्याच शिकलेल्या बायकांकडून मुलींचे जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले, शेजारच्या गावांशी तुलना केली. वर्गांच्या गावांत लग्नाचं मध्यम वय १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या वयात वर्ष म्हणजे केवढं! हे पंचवीस वर्षांपूर्वीचं. राज्याने हाच प्रयोग दहा जिल्ह्यांत करून पाहायला हवा होता.

अडचणी आहेत, मान्य. अठराखालची मुलगी गरोदर म्हटलं की पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक. मग घरचे दवाखान्यात वय वाढवून सांगतात, नाहीतर नेतच नाहीत. संशोधकाला मुलगी सापडणार कुठून? तेही शोधायला पैसा लागतोच.

माझी मागणी साधी आहे. बीड-परभणीत आईबाप ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्याला निघतात तेव्हा वयात आलेली मुलगी ठेवायची कुठे, या घोरापायी कितीतरी लग्नं उरकली जातात. काही गावांत मोठ्या मुलींसाठी नीट चालणारं हंगामी वसतिगृह द्या, काहींत पाचोडसारखे वर्ग, काहींत दोन्ही, आणि बाकीची तुलनेसाठी तशीच. गावं चिठ्ठ्या टाकून निवडा, चार-पाच वर्षं नोंदी ठेवा आणि निकाल लागेल तसा छापा, तोंडावर पडलात तरी.

"मग बाकीच्या गावांवर अन्याय नाही का?" असं कुणीतरी विचारेलच. अहो, सगळ्या गावांना पुरेल एवढा पैसा आजही नाहीच. आज गावं आमदाराच्या शिफारशीने निवडली जातात, उद्या चिठ्ठीने निवडा.