लाल रकाना म्हणजे ॲलर्जी नव्हे

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘रक्त तपासून घ्या. ज्या पदार्थासमोर आयजीजी लाल रंगात येईल, त्याची तुम्हाला ॲलर्जी आहे. तो बंद करा. अँटीबॉडी जितक्या जास्त, तितकी ॲलर्जी जास्त.’ आयजीजी ही एक प्रकारची अँटीबॉडी, म्हणजे बाहेरच्या पदार्थाला ओळखून चिकटणारं रक्तातलं प्रथिन. असल्या रिपोर्टवर विसंबून वाढत्या मुलांचं दूध, अंडी, पोळी बंद केली जाते. ते थांबायला हवं.

‘आयजीजी म्हणजे ॲलर्जी.’ नाही. खाल्ल्याबरोबर अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते, त्यामागे सहसा आयजीई ही वेगळ्या प्रकारची अँटीबॉडी असते. ती त्वचेत आणि श्वासमार्गात असणाऱ्या मास्ट पेशींवर बसलेली असते आणि ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, तिला चिकटला की त्या पेशी हिस्टामिन हे सूज-खाज आणणारं रसायन सोडतात. आयजीजी, त्यातही तिचा आयजीजी-४ हा उपप्रकार, एवढंच सांगते की हा पदार्थ शरीराच्या ओळखीचा आहे. रोज पोळी खाणाऱ्याच्या रक्तात गव्हाविरुद्धची आयजीजी सापडली तर त्यात नवल नाही. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच सांगितलं आहे की अन्नाच्या ॲलर्जीसाठी आयजीजी-४ची चाचणी करू नये.

‘अँटीबॉडी जास्त तर ॲलर्जी जास्त.’ इथे तर मेसेज पार उलटा आहे. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट कुक आणि सहकाऱ्यांना दिसलं की ॲलर्जीवर उपचार म्हणून परागकणांची इंजेक्शनं घेतलेल्या रुग्णाच्या रक्तद्रवात ॲलर्जीची प्रतिक्रिया रोखणारं काहीतरी असतं. ते काम आयजीजीचं. ती ॲलर्जनला आयजीईच्या आधीच गाठते. मास्ट पेशींवर आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींवर एक ‘थांब’ म्हणणारा रिसेप्टर, म्हणजे इशारा घेणारा भाग, असतो. आयजीजी ॲलर्जनसकट त्याला जोडली गेली की मास्ट पेशी शांत राहते आणि बी पेशीला मिळणारा अँटीबॉडी बनवण्याचा इशाराही मंदावतो. म्हणजे एक अँटीबॉडी दुसरीला आवर घालते! इंजेक्शनांच्या उपचारात सुरुवातीला आयजीई थोडी वाढते, पुढे हळूहळू उतरते, आणि आयजीजी-४ मात्र चढलेली राहते. लंडनच्या २०१५च्या अभ्यासात तान्हेपणापासून शेंगदाणा खाणाऱ्या, ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांमध्ये पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी आढळली. त्यांचीही शेंगदाण्याविरुद्धची आयजीजी-४ वाढलेली होती.

आणखी एक समज: ‘एकूण आयजीई वाढली म्हणजे ॲलर्जी पक्की.’ ती पोटातल्या जंतांनीही वाढते. विशिष्ट पदार्थाची आयजीई सापडली, पण तो खाऊन काहीच होत नसेल, तर तीही ॲलर्जी नव्हे.

खाल्ल्यावर थोड्या वेळात त्रास होत असेल तर ॲलर्जीतज्ज्ञाला दाखवा. गव्हाने पोट बिघडत असेल तर सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणाऱ्या आजाराची) चाचणी करा, पण पोळी चालू असतानाच. आधीच बंद केली तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.