शिळा पाव खाऊन आले, बरं!

सकाळी वहीतलं एक चित्र टाकलं होतं इथे. मातीचं पसरट भांडं, त्यात हिरवट पाणी, पावाचे तुकडे आणि वर एक अंडं. खाली फक्त 'आसोर्दा, आलेंतेजो, पोर्तुगाल' एवढंच लिहिलं होतं. दुपारी नात्यातल्याच एका काकांची कमेंट: 'युरोपात जाऊन भिकाऱ्याचं जेवण जेवून आलीस? आम्ही गेल्या वर्षी गेलो होतो, रोज गरम वरण-भात, शेवटच्या दिवशी पुरणपोळी!' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. काहींनी तर टूरवाल्याचा नंबरही मागितला.

काका, नाव घेत नाही, गणपतीला एकाच पंगतीत बसायचंय आपल्याला. पण आज ऐकून घ्याच.

मी टूरने गेले नव्हते. चित्रकारांची रेसिडेन्सी होती, म्हणजे तिथेच राहून चित्रं काढायची, आलेंतेजो प्रांतातल्या एव्होरा शहरापासून तासाभरावरच्या एका गावात. राहायची सोय एका आजीच्या घरी. वय ऐंशीच्या पुढे. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, तळाशी निळा पट्टा, मागच्या अंगणात लिंबू आणि कोंबड्या. तिला इंग्रजीचा गंध नाही. माझं पोर्तुगीज आजोबांकडून कानावर पडलेलं, म्हणजे आकडे आणि शिव्या. बाकी सगळा कारभार हातवाऱ्यांवर.

पहिल्याच संध्याकाळी तिने लाकडी खलात लसणीच्या पाकळ्या, जाडं मीठ आणि देठांसकट कोथिंबीर घातली. कोथिंबीर! युरोपात बाकी ठिकाणी तिला फारसं कुणी विचारत नाही, आलेंतेजोत मात्र तिच्यावाचून पान हलत नाही. आजी ठेचायला लागली आणि तो वास घरभर झाला. मी स्टुलावर बसल्या बसल्या रडायच्या बेताला आले, खोटं कशाला सांगू. मग त्या वाटणावर ऑलिव्हचं तेल. शेजारच्या चुलीवर पाण्यात अंडी सोडलेली, ती बाजूला काढून तेच उकळतं पाणी वाटणावर ओतलं. शेवटी पाव. मोठा, जाड कवचाचा, चार दिवसांपूर्वीचा. तो छातीशी धरून ती सुरी स्वतःकडे ओढत कापत होती. मला बघवेना. कापून झाल्यावर टेबलावरचा चुरा तळहाताने गोळा केला, एक कण सोडला नाही, आणि कोंबड्यांना टाकला.

हे तुमचं भिकाऱ्याचं जेवण.

मजुराचं म्हणा हवं तर. मैलोन्‌मैल गव्हाची शेतं मूठभर जमीनदारांची आणि कापणीला येणारे लोक बिनजमिनीचे. पाव, लसूण, रानातला पाला, पाणी. पोर्तुगालच्या ज्या हुकूमशहाने, सालाझारने, आमच्या गोव्याच्या माणसांना आग्वादच्या तुरुंगात डांबलं, त्याच्याच राज्यात हे लोक अर्धपोटी राबत होते. मे १९५४ मध्ये बालेइझांव गावात कातारिना एउफेमिया नावाची २६ वर्षांची शेतमजूर बाई मजुरी वाढवून मागायला पुढे झाली, तर तिथल्या 'गार्ड' म्हणजे सशस्त्र पोलिसांच्या अधिकाऱ्याने तिला गोळ्या घातल्या. तीन मुलांची आई. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ ला, आमच्या पेडण्यात पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार. सरकार तेच. माझे आजोबा जन्मभर 'पाकल्यांच्या', म्हणजे पोर्तुगीजांच्या, नावाने बोटं मोडत गेले, त्यांचा राग खराच होता. पण मला वाटतं या आजीच्या स्वयंपाकघरात ते बसले असते, तर अर्ध्या तासात दोघांनी मिळून सालाझारचा उद्धार केला असता. आजोबांकडचा शब्दसंग्रह त्या कामाला पुरेसा होता.

असो. आवाज चढला माझा.

आजीने नंतर एकदा भांड्यातल्या अंड्याकडे बोट दाखवून मान हलवली. तिची मुलगी लिस्बनहून आली होती, तिने उलगडून सांगितलं: आईच्या लहानपणी यात अंडं नसायचं. तेलाचे चार थेंब आले तरी सण. हीच आसोर्दा आता एव्होराच्या हॉटेलात कॉड माशाचा तुकडा घालून मिळते, भाव ऐकला की आजी पोट धरून हसते. आणि एवढी म्हातारी, पण मी नेलेली हरमलची मिरची तिने एक उचलली, हुंगली, अंड्यावर कुस्करली आणि खाऊन टाकली. डोळ्यांतून पाणी, तरी दुसरीकडे हात. (मिरची यांच्याच जहाजांतून आपल्याकडे आली आणि यांच्या स्वतःच्या रोजच्या जेवणात मात्र ती बेताचीच, हे कोडं मला सुटलेलं नाही.)

आता कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच लिहिते. हो, तिकडे जिथे तिथे डुकराचं मांस, शाकाहारी माणसाचे हाल होतात. कबूल. मधुमेहवाल्या म्हाताऱ्या माणसांना वरण-भात लागतो, तेही कबूल. आणि माझ्या खिशात परतीचं तिकीट होतं, गरिबीच्या जेवणाचं कौतुक मला परवडतं, हेही घ्या. पण ज्याला चालतंय, पचतंय, त्याने सातासमुद्रापार जाऊन खिडकीतून किल्ले बघायचे, डब्यातलं खायचं आणि वर दुसऱ्याच्या ताटाला नावं ठेवायची?

त्या गावात मी दिवसभर काय काढायचे, तर झाडं. बुचाच्या ओकाची साल उन्हाळ्यात कुऱ्हाडीने सोलतात. लाकडाला धक्का न लावता अख्खी पन्हळ निघते आणि आतलं खोड नुकत्याच कापलेल्या चिऱ्याच्या खाणीसारखं लाल दिसतं. तो रंग मला नळीतून काही मिळाला नाही, शेवटी गावातलीच माती कालवली. सोललेल्या खोडावर पांढऱ्या रंगाने त्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात, कारण पुढची सोलणी ९ वर्षांनी. पहिली सोलणीच झाड साधारण २५ वर्षांचं झाल्यावर आणि बाटलीला लावण्याजोगं बूच मिळायला तिसरी सोलणी यावी लागते. संध्याकाळी परत आले की आजी माझी वही उलटसुलट करून बघायची, झाडाचा आकडा बोटाने शोधायची, बरोबर असला की भांडं पुढे सरकवायची. चित्र कसं झालंय त्याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

बरं, काकांवर तरी किती चिडू? आमच्या घरात काय वेगळं चाललंय? दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज, तोर म्हणजे मिठातली कैरी आणि निखाऱ्यावर भाजलेलं खारं म्हणजे सुकी मासळी, यावर वाढलेली माणसं आम्ही. रात्रीचं उरलेलं हुमण, म्हणजे माशाची आमटी, सकाळी आटवून पोये या गोव्याच्या पावाबरोबर खायचं, त्यासाठी भावंडांत मारामाऱ्या. आणि परवा मुंबईचे पाहुणे यायचे म्हणून आईने पेजेचं भांडं फ्रिजमागे सरकवलं. 'गो, तांकां कितें दिसतलें?' म्हणे, त्यांना काय वाटेल! पाहुण्यांना पनीर. पेडण्यात, बाजारात फडफडीत मासळी असताना, पनीर! त्यांच्यातल्या एकाने नंतर हळूच विचारलं, गोव्यात घरी नेमकं काय खातात हो? मी आईकडे बघितलं. आई छताकडे.

हे लिहितेय तोच पणजीहून फोन आला. चित्रांचं प्रदर्शन ठरतंय तिथून. उद्घाटनाला 'पोर्तुगीज संध्याकाळ' करूया म्हणतात, वाइन, चीज, ऑलिव्ह. मी म्हटलं, एका पातेल्यात आसोर्दा, दुसऱ्यात पेज, बरोबर खारे बांगडे. पलीकडे शांतता. मग, 'मॅडम, एसी हॉल आहे, वास बसेल.'

बसू दे. बांगडे मी घरून भाजून आणतेय, खल आणि लसूणही. ज्यांना वासाचा त्रास त्यांनी चित्रं बघून लगेच सटकावं, मला अजिबात राग येणार नाही. तारीख ठरली की इथेच टाकते. वाट्या कमी पडतील, आपापली घेऊन या. आणि काका, तुम्हीसुद्धा या, काकूंना घेऊन. अंडं घालीन तुमच्या वाटीत.