वाल्यामामा

गेली तीन वर्षं संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मी खलनायक असतो. पगार नाही, पण नोकरी पर्मनंट. ताई आणि भाऊजी दोघंही ऑफिसातून डोंबिवलीला पोचेपर्यंत आठ वाजतात, तेही रेल्वेची कृपा असली तर, त्यामुळे शाळा सुटली की भाचा आमच्याकडे. आई त्याला खायला घालते आणि मी त्याच्याकडून मार खातो, अशी सरळ विभागणी.

तो लेझर टायगर. मी मामासुर. नाव त्यानेच ठेवलंय आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मामा लोकांचं आपल्याकडचं रेकॉर्ड बघा ना, कंस मामा, शकुनी मामा, सिग्नलला पावती फाडणारा तो पण मामा, आणि कुणाला गंडवला तर मामा बनवला. एक चांदोमामा तेवढा चांगला निघाला, तो पण लांब राहतो म्हणून.

खरं सांगतो, मला ते काम आवडायचं. माझी शिफ्ट रात्री नऊ ते पहाटे पाच, अमेरिकेतल्या लोकांचे कॉम्प्युटर अडकले की सोडवायचे, त्यामुळे संध्याकाळी मी अर्धा झोपेतच असतो. मामासुराला ते चालायचं. सोफ्यावर आडवं पडून हुकूम सोडायचे, उशांचा किल्ला ताब्यात घ्यायचा (बांधायचा भाच्याने), 'मूर्ख बालका' म्हणायचं, सातमजली हसायचं आणि लेझर लागला की मरायचं. मरण हा या नोकरीतला सगळ्यात मोठा पर्क. मेल्यावर पाच मिनिटं कोणी काही सांगत नाही. एका संध्याकाळी मी सात वेळा मेलोय आणि त्यातल्या चौथ्या मरणात चक्क घोरलोय, तेव्हा 'हा अजून जिवंत आहे' म्हणून परत मारला मला, पण मध्ये मस्त डुलकी झाली.

हे सगळं आईच्या एका गोष्टीमुळे बंद पडलं.

लाईट गेले होते, टीव्ही बंद, म्हणून आईने त्याला वाल्या कोळ्याची गोष्ट सांगितली. वाटसरूंना लुटायचा, मारायचा, प्रत्येक पापाला एक खडा रांजणात टाकायचा, असे सात रांजण भरले, मग नारद भेटले, म्हणाले घरच्यांना विचारून ये, तुझ्या पापात वाटेकरी होणार का. घरचे म्हणाले छे. मग बसला बिचारा मरा मरा करत, अंगावर वारूळ वाढलं आणि झाला वाल्मिकी. भाच्याने सगळं ऐकून घेतलं, अंधारात माझ्याकडे बराच वेळ बघितलं. पापी माणूस सुधारतो हे त्याला पटलं होतं आणि घरात उपलब्ध असलेला पापी एकच.

"मामा, उद्यापासून तू चांगला."

"आणि मग खलनायक कोण?"

"ते नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी खड्यांचा प्रश्न आला. चौथ्या मजल्यावर खडे कुठून आणणार, मनीप्लांटच्या बाटलीत पाच होते ते पण गुळगुळीत, पापासारखे दिसत नाहीत म्हणे. आईने कटकट नको म्हणून डब्यातले वाल दिले, मावशीने अलिबागहून पाठवलेले कडवे वाल. ते बघून भाच्याचा चेहरा असा काही उजळला. "म्हणून त्याला वाल्या म्हणायचे!" आईने काही दुरुस्त केलं नाही, तिची सिरियल लागली होती.

तर एका जुन्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत माझी तीन वर्षांची पापं गळ्यापर्यंत भरली गेली. मोजून नाही, अंदाजपंचे. एक चांगलं काम केलं की एक वाल बाहेर, शेजारच्या वाटीत. वाईट केलं की दोन वाल आत. एवढं व्याज सावकार पण लावत नाही. मी आईला गमतीत विचारलं, काय गं, तू होणार का माझ्या पापात वाटेकरी? तर म्हणाली, "आधी तो टॉवेल उचल बेडवरचा ओला."

आता हिरोगिरी. मला वाटलं होतं सोपं असेल. मी लहानपणी स्टेशनजवळच्या लायब्ररीतून पन्नास पैसे रोजाने आणून कॉमिक्सच वाचली आहेत, अभ्यासाची पुस्तकं कमी, तेव्हा थिअरी पक्की होती. आमचा नागराजच बघा, प्रताप मुळीकांनी काढलेला तो हिरवा गडी, १९८६ च्या पहिल्या अंकात तो हिरो नव्हताच, प्रोफेसर नागमणीने अतिरेक्यांना विकायला बनवलेलं हत्यार होता, डोक्यात कॅप्सूल बसवलेली. बाबा गोरखनाथांनी ती कॅप्सूल काढली आणि त्याच अंकात पठ्ठ्या सुधारला. पण त्याच्या डोक्यात कॅप्सूल होती, माझ्या डोक्यात फक्त झोप आहे, ती कोण काढणार. नाही म्हणजे भाच्याने काढली ती.

कारण हिरो झोपत नाही. पहिल्याच दिवशी अर्धा तास पळून झाल्यावर मी टेकलो आणि विचारलं, "मी मरायचं कधी?" तो एकदम गंभीर होऊन म्हणाला, "हिरो मरत नाही मामा." आयुष्यात इतकं निराश करणारं वाक्य मी अप्रेझलच्या मीटिंगमध्ये पण ऐकलं नाहीये.

दुसरं म्हणजे हिरोला स्वतःचं असं कामच नसतं, हे वाचताना कधी लक्षात आलं नव्हतं. खलनायकाला प्लॅन असतो, नकाशा असतो, शहर उडवायचंय, बँक फोडायचीय. हिरो काय करतो, तर कोणी काही करायची वाट बघतो. त्यात निकाल पण आधीच ठरलेला, १९५४ साली अमेरिकेतल्या कॉमिकवाल्यांनी स्वतःहून नियमच करून ठेवला होता की दर वेळी चांगल्याचाच विजय झाला पाहिजे आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. म्हणजे खलनायकाला बिचाऱ्याला टेन्शन नाही, हरायचंच आहे, निवांत हरा. जिंकायची जबाबदारी सगळी हिरोच्या बोकांडी. आणि आमच्या घरात संकटच नाही. मग भाचा संकट तयार करायचा, म्हणजे कापडी हत्ती कपाटामागे टाकायचा आणि "वाचवाऽऽ" म्हणून ओरडायचा, आणि मी, वजन ८४ किलो, गळ्यात टॉवेल, लोखंडी कपाट सरकवतोय. तिथे हत्तीबरोबर २०१९ ची लग्नपत्रिका आणि आईचा हरवलेला चष्मा सापडला. आईने सांगितलं म्हणून चष्म्याचा वेगळा वाल निघाला, नाहीतर तो देत नव्हता.

तिसरं, हसू. तीन वर्षांची सवय हो, दार उघडलं की आपोआप 'हाहाहाहा' सुरू. हिरोने कसं हसायचं मला अजून कळलेलं नाही. मंद स्मित करून बघितलं तर आई म्हणाली दात दुखतोय का.

हे घरात होतं तोपर्यंत ठीक होतं, पण चांगली कामं घरात पुरेनात म्हणून आम्ही बाहेर पडलो. आमच्या सोसायटीची लिफ्ट त्या दिवशी बंद (त्या दिवशी म्हणजे, असो). तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन पहिल्या मजल्याच्या वळणावर दम खात उभ्या, जिन्यातला बल्ब गेलेला. भाच्याने मला कोपर मारलं. मी धाडधाड खाली उतरलो, गळ्यात टॉवेल होताच, आणि माझ्या मते अगदी धीर देणाऱ्या आवाजात म्हणालो, "घाबरू नका. मी आलोय." तो आवाज मामासुराचा निघाला. वर ते हसू पण निघालं, थोडंसंच. काकूंनी एक पिशवी सोडली आणि दुसरी माझ्या पोटात मारली. दुसरीत दुधीभोपळा होता. कांदे तळमजल्यापर्यंत गेले. ते गोळा करून, काकूंची माफी मागून, पिशव्या त्यांच्या दारात ठेवून वर आलो तर भाचा बरणीजवळ विचार करत उभा. पिशव्या उचलल्या, एक वाल बाहेर. काकूंना घाबरवलं, दोन आत. मी म्हटलं अरे कांद्यांचं काय, वीस-बावीस कांदे उचललेत! तर म्हणे, "पण पाडले पण तूच."

निळूभाऊ फुल्यांबद्दल सांगतात ना, की खऱ्या आयुष्यात सेवादलातला साधा, मऊ माणूस, तरुणपणी पुण्यात सैन्याच्या मेडिकल कॉलेजात माळीकाम केलेला, पण पडद्यावर असा पुढारी उभा करायचे की गावोगावच्या बायका त्यांना खरोखरच घाबरायच्या. ते एवढे मोठे नट म्हणून. माझा प्रेक्षक एकच, तोही सहा वर्षांचा, तरी आता त्या काकू मी दिसलो की पिशवी छातीशी धरतात.

घरून काम असलं की त्रास आणखी वेगळा. एका संध्याकाळी टीम लीडचा फोन आला, लवकर लॉगिन कर म्हणून. मी लोळत, पायाशी भाचा. तोंडातून सवयीने गेलं, "अरे मी बाहेर आहे रे, ट्रॅफिकमध्ये." पायाशी बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज. मी घाईने दुरुस्ती केली, "म्हणजे घरीच आहे, पण नेट गेलंय." टण टण. परत दोन. शेवटी खरं सांगितलं की झोपलोय आणि कंटाळा आलाय, तर टीम लीड इतका हादरला की म्हणाला बरं राहू दे, नऊलाच ये. हा एकमेव फायदा झाला हिरो होऊन, तो पण मान्य केला पाहिजे.

दोन आठवड्यांत बरणी कमी व्हायच्या ऐवजी भरत चालली, तेव्हा मी शेवटी वाममार्गाला लागलो. आयडिया माझी नाही. १९९७ मध्ये मार्व्हलचं 'थंडरबोल्ट्स' आलं होतं, नवीन हिरोंची टीम, लोकांना वाचवतात, टाळ्या घेतात, आणि पहिल्या अंकाच्या शेवटी कळतं की हे सगळे जुनेच खलनायक, मुखवटे बदलून आलेत. मी पण तेच केलं. भाच्याची पेन्सिल मीच लपवायची, मीच शोधून द्यायची. खोडरबर लपवायचा, शोधायचा. नळ थोडा चालू सोडायचा आणि पळत जाऊन बंद करायचा, पाणी वाचवलं! चार दिवसांत अकरा वाल काढले. पण त्या थंडरबोल्ट्सवाल्यांचं जे झालं तेच, त्यातल्या काहींना लोकांचं कौतुक खरोखर आवडायला लागतं. खाली वॉचमन "काय हिरो" म्हणाला (टॉवेल बघून) तर मला उगाच बरं वाटलं. त्या नादात डोकं चालेना आणि पाचव्या दिवशी मी रिमोट शोधून दिला जो हरवलेलाच नव्हता, भाच्याच्याच हातात होता. मी खिशातून काढला तो एसीचा. चौकशी झाली. पेन्सिल, रबर, नळ, सगळं बाहेर आलं. त्या संध्याकाळी वाल मोजून नाही, मुठीने आत गेले.

मी त्याला समजवायचा प्रयत्न केला, की बाबा रे सुधारलेल्यांना थोडं सांभाळून घ्यायचं असतं, हॉकआय बघ, १९६४ मध्ये आला तो आयर्न मॅनशी मारामारी करत आला, पुढच्याच वर्षी अ‍ॅव्हेंजर्समध्ये घेतला, त्याच्याबरोबर क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच, ते पण आधीचे खलनायकच. बिचारा कॅप्टन अमेरिका एकटा आणि टीममध्ये तीन माजी गुंड, रोजची भांडणं, तरी त्याने बरणी नाही ठेवली. भाचा म्हणाला, "त्याच्याकडे वाल नसतील."

आणि मग शनिवारी तो आला आणि बरणी रिकामी. वाटी पण रिकामी. धुऊन पालथी घातलेली. तो आधी बरणीकडे बघतो, मग माझ्याकडे, डोळे एवढे मोठे. "मामा! तू वाल्मिकी झालास?" मला क्षणभर वाटलं हो म्हणावं. पण परत मुठीने नको, म्हणून आईला हाक मारली.

आई म्हणाली, "उद्या तुझे आईबाबा येणार जेवायला. वाल भिजत घातले काल रात्री. किती दिवस नुसते खेळवणार त्यांना?"

ओट्यावर पातेल्यात पांढऱ्या फडक्यात गाठोडं बांधून ठेवलं होतं. भाच्याने गाठ किलकिली करून आत बघितलं आणि हळूच म्हणाला, "आजी, मामाच्या पापांना मोड आलेत."

रविवारी सकाळी आम्हा दोघांना आईने सोलायला बसवलं. ज्याने बिरडं सोललंय त्यालाच कळेल. कोमट पाण्यातला मोडाचा वाल चिमटीत धरायचा, शेंड्याकडून दाबायचं, की आतली डाळिंबी सुळ्ळकन निसटते, ताटात पडली तर पडली, नाहीतर फ्रीजखाली. बोटं पांढरी, सुरकुतलेली, तो कडवट वास नखांत. पहाटे पाचला शिफ्ट संपवून मी आठला हे करत होतो. भाचा प्रत्येक वाल सोलायच्या आधी विचारायचा, हे कोणतं पाप? मी सांगायचो, हे ट्रॅफिकचं. हे काकूंचं. हे टायगरला उशीत दाबल्याचं. सालं एका बाजूला, डाळिंब्या दुसऱ्या बाजूला. कोणती चांगल्या कामाची आणि कोणती पापाची ते आता ओळखू येत नव्हतं, आईने सगळ्या एकत्रच भिजवल्या होत्या.

दुपारी सगळे जेवायला बसले. ओलं खोबरं, आमसूल, गूळ, वर कोथिंबीर. भाऊजींनी दुसऱ्यांदा घेतलं. ताईने भाताबरोबर घेऊन परत पोळीबरोबर घेतलं. आई उभ्या उभ्या पळीतून चाखत होती, मीठ बघते म्हणून. भाचा एकेकाच्या ताटाकडे टक लावून बघत होता, ओठ हलत होते, काहीतरी मोजत होता बहुतेक. मग माझ्या कानाशी आला.

"मामा, सगळेच वाटेकरी झाले."

आणि आपलं ताट पुढे करून म्हणाला, "आजी, मला पण वाढ ना मामाची दोन पापं. रस्सा नको."